जागच्या जागी चढलेली उंची

घड्याळ रात्रभर खिडकीच्या कट्ट्यावर पडून होतं, कुणी त्याला हात लावला नव्हता, तरी सकाळपर्यंत ते सोळा मीटर वर चढलं होतं. अर्जुनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सहाशे चौतीस. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः त्यात सहाशे अठरा भरले होते. मोशीची इथली जमीन पाचशे पंच्याऐंशी आणि तिच्यावर अकरा मजल्यांचे तेहतीस. जमिनीबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, कारण ती पूर्वी त्यांच्याच घराची होती, इथे कांदा व्हायचा, आणि इमारतीचा पाया खणला तेव्हा मोजणीवाल्याच्या शेजारी ते दिवसभर उभे राहिले होते. मजला हलला नव्हता. हलली होती ती हवा. इंद्रायणीच्या बाजूला आभाळ नुसतं पांढुरकं होतं, ढग म्हणावा असा ढग नाही, समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधले वाळत घातलेले कपडे पाटीसारखे ताठ. ऑक्टोबर संपत आला होता. हवेचा दाब उतरला की या घड्याळाला वाटतं आपण डोंगर चढलो. त्याचा दोष नाही. त्याला पायाखालचं काही कळत नाही, फक्त डोक्यावरच्या हवेचं वजन कळतं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दाबाच्या ठिपक्यांची छोटी ओळ होती. काल ती आडवी होती. आता शेवटचे चार ठिपके एकाखाली एक उतरत गेले होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

“चहा निवतोय,” विजयश्रीबाई आतून म्हणाल्या. “आणि ते घड्याळ द्यायचंय ना तिला? मग आठवडाभर काय चाललंय तुमचं? नातवाला खेळणं मिळालं असतं तर त्यानंसुद्धा इतक्या वेळा बघितलं नसतं.”

अकरा वर्षं ते कपाटात मेलेलं पडलं होतं. गेल्या रविवारी वर्षाली येऊन म्हणाली, काका, ते चालू करा, एकदा मला ते मनगटावर घालून बाबांच्या खिंडीत जायचंय. नाही म्हणायला कारण सुचेना म्हणून ते काळेवाडीच्या घड्याळवाल्याकडे गेले. त्याने मागचे चार स्क्रू काढले, सेल बदलला आणि घड्याळ कानाशी धरून हसला. “असला माल आता येत नाही, काका. आताची घड्याळं सगळं वरून विचारतात, सॅटेलाईटला. हे बिचारं स्वतःचं स्वतः मोजायचं.” खरंच ते स्वतःचं स्वतः मोजायचं. सत्त्याण्णव साली कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनियरने परत जाताना ते अर्जुनरावांच्या हातात ठेवलं होतं. उंची, दाब, दिशा, तापमान. राखाडी हिरव्या काचेवर जाड काळे आकडे, कडेला बारीक जाळीमागे दाब मोजणारा डोळा, बटण दाबलं की ‘टिट्’ असा आवाज आणि मग आकडा येईपर्यंतचे ते पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत कंपनीतली डोंगर चढणारी सगळी टोळी श्वास धरून मनगटाभोवती वाकायची. अर्जुनरावांची नोकरीच मोजमापाची होती. चाकणला कंपनीच्या कॅलिब्रेशन रूममध्ये गेज, मीटर, थर्मामीटर तपासून त्यांवर पुढच्या तपासणीच्या तारखेचं स्टिकर लावायचं. आठवडाभर वीस अंश तापमानाच्या बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला रविवारी डोंगरावर तेच काम उघड्या वाऱ्यात करायला मिळायचं. प्रेस शॉपमधला ज्योतीराम त्याला हसायचा. “आरं लेका, डोंगर समोर दिसायलाय की! त्याची उंची कशाला इचारतूस? तो काय पोरगी हाय का लग्नाची?” आणि मग हळूच स्वतःच मनगट ओढून आकडा बघायचा.

ज्योतीराम लातूरकडचा. वर्षाली त्याची मुलगी. तो गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता अठ्ठावीस. इथे सोसायटीत दर शनिवारी मुलांचा डोंगरवर्ग चालतो, तो पाच वर्षांपूर्वी अर्जुनरावांनी सुरू केला आणि आता चालवते ती. नियम मात्र त्यांचेच. फोन गाडीत ठेवायचे. नकाशा, होकायंत्र आणि आपले डोळे. मुलांना उत्तर सांगायचं नाही, मोजायला लावायचं. उद्या रविवारी ती चौदा मुलांना घेऊन चाकणच्या पलीकडे, कोंडाईच्या खिंडीत जाणार होती. ज्योतीराम गेला ती खिंड. बावीस वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. घड्याळ तिला त्यासाठीच हवं होतं, कारण टोळीतल्या सगळ्यांना, कंपनीत, काळेवाडीत, इथे सोसायटीतही, एवढं ठाऊक होतं की त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. ज्योतीरामनेच त्याचं ऐकलं नाही.

चहा प्यायला गेला. नेहमीसारखा गोड लागला, आणि त्याचंच त्यांना बरं वाटलं नाही.

दहा वाजता खाली बागेत मुलं जमली. अर्जुनरावांनी सिमेंटच्या बाकावर घड्याळ ठेवलं, मुलांकडूनच त्यात पाचशे पंच्याऐंशी भरून घेतले आणि दिवसभराचं काम नेमून दिलं: घड्याळ इथून उचलायचं नाही, दर तासाला एकाने यायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. वही त्यांनी सायलीकडे दिली. सायली चौथीत, अक्षर बारीक, खोडरबर कायम मुठीत. “आजोबा, तेच तेच येणार ना? ते तर हलणारच नाही.” “तू बघ आणि मला सांग,” ते म्हणाले. असं म्हणताना ते नेहमी खूश असत. मुलाला एखादी गोष्ट स्वतः सापडते तो क्षण त्यांना पगारापेक्षा प्रिय होता. उन्हं वर चढली की दहानंतर हवेचा दाब रोजच उतरतो आणि चारच्या सुमारास तळ गाठतो. मुलांना चार वाजेपर्यंत बसल्या जागी तीसेक मीटर चढलेले दिसतील, ती गोंधळतील, आणि मग ते समजावतील की सकाळी लावलेल्या उंचीवर दुपारी विश्वास ठेवायचा नाही. हे आपल्याला आज शिकवायचंच आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. एवढं शिकवलं की उद्या मुलं सुरक्षित. एवढंच शिकवायचं, पुढचं काही सांगायची गरज नाही. हा हिशेब त्यांनी बावीस वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिला होता आणि दर वेळी तो एकाच जागी येऊन अडायचा.

कारण त्या दिवशीही दहाच वाजले होते. पायथ्याच्या देवळापाशी मोजणीचा दगड आहे, त्यावर सातशे दहा कोरलेलं आहे. अर्जुनरावांनी, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या अर्जुनने, दगडावर हात ठेवून घड्याळ सातशे दहाला लावलं. तिघं होते, ज्योतीराम, तो आणि पेंट शॉपमधला बंटी. पलीकडच्या गावात जेवणाला उशीर झाला, परत खिंडीकडे चढायला लागले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि धुकं खाली आलेलं. धुकं म्हणजे काय ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. आपलाच हात कोपराच्या पुढे पांढरा होतो. पाठीमागे बराच लांब बंटी होता, मोठ्याने खोकला की तो आहे एवढंच कळायचं, बोलणं ऐकू जात नव्हतं. खिंड एक हजार चाळीसला. तिथे डावीकडे वळलं की बैलगाडीची जुनी वाट. पण तिच्या साठ मीटर खाली डावीकडेच एक नाळ, म्हणजे कड्यातली उभी घळ, फुटते, तिचं तोंड वाटेसारखंच सपाट, आणि दहा पावलांवर ती तुटते. अर्जुनने बटण दाबलं. टिट्. पाच सेकंद. एक हजार चाळीस. “आली खिंड. डावीकडे घे.” ज्योतीराम हलला नाही. “न्हाई भावा. आजून न्हाई आली.” “अरे आकडा बघ की.” “आकडा असंल. पर खिंडीत वारा लागतो. सकाळी टोपी उडालती माझी तितं. आता वारा कुठाय?” वारा नव्हता. ओल्या पट्ट्याखाली मनगट चुरचुरत होतं, थांबल्यामुळे थंडी वाजायला लागली होती, आणि अर्जुनला राग आला. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने हजारो मीटर तपासले त्याला एक प्रेस ऑपरेटर टोपीवरून उंची सांगत होता. “पाच वर्षं हे घड्याळ चुकलंय का कधी? मग? तुझ्या टोपीचं ऐकू का याचं?” ज्योतीराम हसला. तो हसला हे अर्जुनरावांना पक्कं आठवतं, धुक्यात दात दिसले होते. “बरं बाबा. तुझ्या जपान्याचं ऐकतो,” म्हणाला आणि डावीकडे वळला. मग दगड घसरल्याचा आवाज. ओरडणं नाही. आवाज बराच वेळ खाली जात राहिला.

बागेत आता कुणी नव्हतं. बाराला अजिंक्य येऊन गेला, एकला सायली. वरून, अकराव्या मजल्यावरून, बाक पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. विजयश्रीबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. “वर्षालीचा फोन होता,” त्या ताट वाढताना म्हणाल्या. “तिच्या आईनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिलीय म्हणे.” कस्तुरावहिनी काळेवाडीहून दर दिवाळीला फराळ पाठवायच्या, एरवी चटणी. नवरा गेल्यावर अर्जुनभावजींनीच कंपनीत धावपळ करून सगळे कागद करून दिले, पोरीला शिकवलं, हे त्या येईल त्याला सांगायच्या. नवऱ्याबद्दल मात्र त्या बोलायच्या नाहीत. बोलल्याच तर एक वाक्य: “हट्टी हुता. लहान लेकरू घरात हाय याचासुदिक इचार केला न्हाई.” बावीस वर्षं त्या मेलेल्या माणसावर रागावून होत्या. अर्जुनरावांनी ते वाक्य त्यांच्या तोंडून निदान पंधरा वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली होती, आणि लोकांना ते दुःख वाटलं होतं.

ते खोटं बोलले नव्हते. हा त्यांचा आधार होता, म्हणजे आधार म्हणून त्यांनी तो जपला होता. कॅलिब्रेशन रूममधला पहिला नियम असा: बिघडलेलं मीटर हातात आलं की आधी ते जसं आढळलं तसा आकडा लिहायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. फॉर्मवर दोन रकाने असतात, आढळलेलं आणि दुरुस्तीनंतरचं. पहिला रकाना रिकामा ठेवून दुरुस्ती केली तर ते मीटर आजवर कुणाकुणाला किती चुकीचं सांगत आलं ते कधीच कळत नाही. नवीन पोरांना हे शिकवताना ते स्क्रूड्रायव्हर लपवून ठेवायचे. आणि त्या संध्याकाळी, बंटी गावकऱ्यांना घेऊन वर गेला असताना, ते देवळापाशी एकटे उभे होते. दगडावर सातशे दहा, मनगटावर सातशे एकाहत्तर. एकसष्ट मीटर. त्यांनी तो आकडा किती वेळ पाहिला कुणास ठाऊक. मग बोटांनी बटण दाबून धरलं, आकडे लुकलुकायला लागले, आणि बोटांनी ते खाली आणले. सातशे साठ, सातशे चाळीस, सातशे दहा. सवयीने, असं ते स्वतःला सांगतात. मीटर चुकलेलं दिसलं की बोटं ते दुरुस्त करतात. तासाभरात माणसं खाली आली, बंटीने डोळे पुसत घड्याळ बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “सातशे दहा. एकदम बरोबर आहे की हे.” कुणीतरी म्हणालं, म्हणजे ज्योतीराम घड्याळ न बघताच वळला. अर्जुन हो म्हणाला नाही. फक्त नाही म्हणाला नाही.

चार वाजता ते खाली उतरले तेव्हा आभाळ अजून तसंच पांढरं होतं, पण उजेड पिवळा झाला होता आणि पारिजाताचं एक पानही हलत नव्हतं. उद्याच्या चौदा सॅक तपासणीसाठी ओळीने ठेवलेल्या. वर्षाली बाकापाशी उभी होती, केस वर बांधलेले, बापासारखं रुंद कपाळ. तिने घड्याळ उचललं आणि हसली. “बघा रे. सकाळी आपण काय लावलं होतं?” “पाचशे पंच्याऐंशी!” मुलं ओरडली. “आणि आता?” तिने प्रज्वलपुढे धरलं. “पाचशे पंच्याऐंशी!” “सहा तासांत तसूभर इकडेतिकडे नाही. सत्तावीस वर्षांचं घड्याळ आहे. म्हणून उद्याचा पहिला नियम काय?” ती मनगटावर पट्टा बांधत होती, शेवटच्या भोकातही तो तिला सैल होत होता. “माझ्या बाबांची गोष्ट तुम्हाला माहितीय. घड्याळ सांगत होतं खिंड आलेली नाही, त्यांना वाटलं आली. वाटलं, म्हणून गेले. आपल्याला काय वाटतं याला डोंगरात किंमत नसते.” अजिंक्यने हात वर केला. “ताई, समजा घड्याळ म्हणालं वळा, पण समोर रस्ता नीट दिसतच नाहीये, तर?” “तरी घड्याळाचंच ऐकायचं.”

अर्जुनराव बाकाला धरून उभे होते. पाचशे पंच्याऐंशी. हे शक्य नव्हतं. घरातल्या भिंतीवरचा दाबमापक त्यांनी निघताना पाहिला होता, तो सकाळपासून सारखा उतरत होता. या घड्याळाने आता सहाशे चाळीसच्या आसपास दाखवायला हवं होतं. म्हणजे कुणीतरी बटण दाबलं होतं. त्यांची नजर आपोआप वहीकडे गेली. सायलीने ती छातीशी घट्ट धरली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय आहे ते त्यांना आतून ओळखू आलं. ती त्यांच्या बाजूला सरकली, सदऱ्याचं टोक ओढलं. ते वाकले. तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. “आजोबा, ते चढायला लागलं होतं. तीन वाजता सहाशे चौतीस झालं. मी फक्त बघितलं हो, मी धरलं पण नव्हतं नीट. मला वाटलं माझ्याकडूनच बिघडलं. म्हणून मी परत लावलं. आणि वहीत पण खोडून सगळीकडे तेच लिहिलं.” तिने मुठीतलं खोडरबर आणखी घट्ट धरलं. “तुम्ही ताईला सांगणार?”

कुणाला काही कळलेलं नव्हतं. घड्याळ बरोबर दिसत होतं, वही बरोबर दिसत होती, मुलं सॅक उचलायला वाकली होती. आता सायलीच्या डोक्यावर हात ठेवून, असू दे म्हणून, रात्री वर्षालीला फोन करून सांगता आलं असतं की खिंडीच्या खाली परत एकदा उंची लावून घे गं. एवढ्याने भागलं असतं. उद्याही कदाचित काही झालं नसतं. त्यांनी सायलीकडे पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी एका तासात सांगून मोकळी झाली होती.

“वही दे,” ते म्हणाले. मग मोठ्याने, “वर्षाली, थांब. सगळे खाली बसा.” त्यांनी वही तिरकी धरून मुलांना दाखवली. रबराने खोडलेल्या जागी पेन्सिलीचे खोल वळ राहिले होते. “सायलीनं चूक केली आणि आत्ता मला येऊन सांगितली. तिला कुणी काही बोलायचं नाही. हे आकडे वाचा.” प्रज्वल नाक वहीला लावून वाचायला लागला. “अकरा वाजता पाचशे अठ्ठ्याऐंशी. बारा, पाचशे सत्त्याण्णव. एक, सहाशे नऊ. दोन, सहाशे बावीस. तीन, सहाशे चौतीस.” “घड्याळ हललं होतं का?” “नाही.” “मग?” वर्षालीच्या कपाळावर आठी आली. आता ती मुलांना विचारत नव्हती, आपली आपण मोजत होती. “दाब उतरला,” ती म्हणाली. “दुपारचा रोजचा उतार, वर वादळी हवा. पण काका, पन्नास मीटर? एवढा फरक पडतो तर तुम्ही मला कधी...” ती थांबली. तिने मनगटाकडे पाहिलं. “बाबांच्या वेळी घड्याळ कधी लावलं होतं?”

“सकाळी दहाला.”

“आणि ते पडले साडेचारला. धुक्यात. म्हणजे तेव्हा हे...” तिचे ओठ हलत होते. “म्हणजे घड्याळ जास्त दाखवत होतं. घड्याळ म्हणत होतं खिंड आली.”

“हो.”

“पण खाली ते बरोबर होतं. बंटीकाकांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं.”

“मी लावलं होतं. देवळापाशी. ते यायच्या आधी.” आपला आवाज वर्गात शिकवतानासारखाच येतोय हे त्यांना ऐकू आलं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. “एकसष्टचा फरक होता. तो थांबला होता, वर्षाली. म्हणत होता वारा लागत नाही, ही खिंड नाही. मी त्याला घड्याळाचं ऐकायला लावलं.”

मुलांना गोष्ट कळली होती की नाही सांगता येत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. अजिंक्यने सॅकचा पट्टा हातातून सोडला. वर्षालीने अर्जुनरावांकडे पाहिलं. रडली नाही. अनोळखी माणूस दारात आल्यावर बघावं तसं बघत होती, कोण आहे, काय हवंय. मग तिने पट्टा सोडला, घड्याळ बाकावर ठेवलं. “उद्या कुणी जाणार नाही,” ती मुलांना म्हणाली. “घरी जा सगळे. आईबाबांना सांगा ताईनं रद्द केलं.” मुलं उठली, सॅक ओढत, मागे बघत निघाली. सायली जाईना. तिला वाटत होतं हे सगळं तिच्यामुळे झालं. अर्जुनरावांना तिला सांगायचं होतं की नाही, तुझ्यामुळे नाही, पण तेवढ्यात वर्षालीने फोन काढला होता.

“आईला तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “मी नाही सांगणार.” आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडे रिंग गेली, उचलली गेली, आणि मागे शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू आला. कस्तुरावहिनी पाय न थांबवताच बोलल्या. “हां वर्षा, बोल की. डबा इसरलीस का?”

“वहिनी, मी अर्जुन.”

“अगं बया, भावजी! चटणी मिळाली न्हवं? तिखट झाली आसंल थोडी.” मशीन चालूच होतं. “बरं झालं तुमचा फोन आला. सकाळधरनं जीव लई घाबरा झालाय बगा. त्या जागी पोरगी चाललीय. मग म्हनलं, भावजी हायत, घड्याळ हाय. ही पोरगी काय त्याच्यासारखी न्हाई, आईकती सगळ्यांचं.”

समोर वर्षाली उभी होती. अर्जुनरावांनी तोंड उघडलं. पहिला शब्द त्यांना दोनदा म्हणावा लागला.

“वहिनी, त्यानंही ऐकलं होतं. माझं.”

काळेवाडीत मशीन थांबलं.